या उन्हाळ्यात दार वाजवा

नागपुरात होळी झाली की कूलर बाहेर निघतात. माळ्यावरून खाली उतरवायचे, टाकी घासायची, पंप चालतो का ते पाहायचं, ताट्यांमध्ये नवा वाळा नाहीतर गवत भरून घ्यायचं. दहा-बारा दिवस प्रत्येक गल्लीत हीच धावपळ असते. त्याच दिवसांत मला तुमच्याकडून आणखी एक काम हवं आहे. त्याला पैसे लागत नाहीत. वहीचं एक पान घ्या आणि आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत, आपल्या घरी कामाला येणाऱ्यांमध्ये मे महिन्याची दुपार कुणाला एकट्याने किंवा टिनाखाली काढावी लागते, त्यांची नावं लिहून काढा.

ही यादी कशासाठी, ते सांगते.

आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, माझ्या समोरच्या घरात, एक निवृत्त शिक्षक राहायचे. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. पत्नी वारलेली, मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. स्वभाव इतका भिडस्त की वाटीभर साखर मागायची तरी दहा वेळा विचार करतील. एका मे महिन्यात त्यांच्या कूलरचा पंप जळाला. मिस्त्री म्हणाला, दोन दिवसांनी येतो. गुरुजी कुणालाही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना त्यांच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली मी पाहिली. रात्रभर झोप लागली नसेल, आता कुठे डोळा लागला असेल, असं मनाशी म्हणून जिना उतरले. त्याच्या पुढच्या सकाळी कडीला दोन पिशव्या होत्या, त्यातली एक फुगून फाटायला आलेली. तेव्हा मी दार वाजवलं. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. दार तोडलं तर ते पलंगाजवळ फरशीवर पडलेले, अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशी एकामागून एक कुणाकुणाची नावं पुटपुटत होते. आम्ही बादल्यांनी पाणी ओतलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, 108 ला फोन केला. गुरुजी वाचले. पण त्यानंतर त्यांना एकट्याने राहणं जमलं नाही, मुलगा त्यांना घेऊन गेला.

ती पहिली पिशवी मी पाहिली होती. मधले चोवीस तास अजून माझ्या मनातून जात नाहीत.

ऊन लागून रस्त्यात कोसळलेला माणूस लोकांना दिसतो. घरात, पंख्याखाली, दोन-तीन दिवसांत हळूहळू विझणारा माणूस दिसत नाही. 1995 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि मोजक्या दिवसांत सातशेहून अधिक माणसं गेली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्या मृत्यूंचा माग काढला. मेलेल्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती. आणि त्याला आढळलं की शेजारी-शेजारी असलेल्या, दोन्हीकडे गरिबीच असलेल्या वस्त्यांमध्येही मृत्यूंचं प्रमाण सारखं नव्हतं. जिथे रस्त्यावर दुकानं चालू होती, माणसांची ये-जा होती, म्हाताऱ्यांना घराबाहेर पडून चार पावलं चालावंसं वाटत होतं, तिथे माणसं जास्त तगली. पुढे 2003 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसं उष्णतेने गेली, त्यांतही बहुतेक वृद्ध. ऑगस्ट हा तिथे सुट्टीचा महिना, त्यामुळे घरचे, शेजारचे बाहेरगावी गेलेले. वीज होती, पाणी होतं, चांगली रुग्णालयं होती. दार वाजवायला माणूस नव्हता.

आपल्याकडे माणसं अशी एकटी नसतात, असं कुणी म्हणेल. गुरुजींच्या दारावरच्या पिशव्या पाहिल्यापासून मी ते म्हणत नाही. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत एकेका वाड्यात चार-पाच बिऱ्हाडं असायची, दुपारी ओसरीवर कुणी ना कुणी लवंडलेलं असायचं, पाणी भरायला बाहेर पडलं की कोण उठलं आणि कोण नाही ते आपोआप कळायचं. आता फ्लॅटचं दार लागलं की लागलं. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. आणि ऊन तर वाढतंच आहे. 2013 च्या 23 मे रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला यांची नावं देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांत दरवर्षी वाचायची सवयच झाली आहे. जगाचं म्हणाल तर 2024 हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं.

पण दुपारच्या आकड्यापेक्षा मला रात्रीची जास्त काळजी वाटते. दिवसा तापलेलं शरीर रात्री थंड होतं, हृदयाला आणि मूत्रपिंडांना विसावा मिळतो, म्हणून माणूस दुसऱ्या दिवसाला तोंड देऊ शकतो. सिमेंटच्या भिंती, डांबरी रस्ते आणि टिनाची छपरं दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते परत सोडत राहतात. झाडं तोडून बांधलेल्या नव्या लेआउटमध्ये रात्री अकरालाही भिंतीला हात लावून पाहा. तीन-चार रात्री अशा गेल्या की धडधाकट माणूसही खचतो. म्हणून लाटेचा पहिला दिवस धोक्याचा, तिसरा-चौथा त्याहून धोक्याचा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, यादीतल्या घरी रोज जायला हवं ते यासाठी.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत मी गेल्या काही वर्षांपासून जाते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी तिथे राहतात. एकदा त्या तीन दिवस आल्या नाहीत म्हणून मी दुपारी चारच्या सुमारास त्यांच्या घरी गेले. दहा बाय बाराची खोली, वर टिन, एक दार, खिडकी नाही. आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ तोंडावर आली. मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला तर स्टीलचा पेला हाताला चटका देत होता. फडताळातली डबे-पातेली तशीच तापलेली. त्यांच्या सुनेने झोळीवर ओलं फडकं टाकलं होतं, आत सहा महिन्यांचं बाळ. दर अर्ध्या तासाने ती फडकं काढून पुन्हा भिजवत होती. वर पंखा फिरत होता आणि टिनाखालची सगळी उष्णता खाली ढकलत होता. मावशी म्हणाल्या, “रात्री बाहेर झोपावं तर बाईमाणसाला भीती, आत झोपावं तर लेकरू रडून राहते. डोळ्याला डोळा नाही बाई. म्हणून सकाळी उठवतच नाही.”

मी त्यांच्या खाड्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवला होता. घरी आल्यावर ते पान फाडून टाकलं.

त्या छपराचं काय करता येतं, ते आता नीट सांगते, कारण या एका गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडतो आणि ती आपल्या आवाक्यातली आहे. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, काळा आणि गंजका पृष्ठभाग ते शोषतो. छपराला ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग लावला की आतली उष्णता साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते, असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. पाच अंश म्हणजे बाळाला झोप लागणं आणि न लागणं. अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांमधल्या बायकांनाच बरोबर घेऊन हे काम केलं. तेलंगणाने तर 2023 मध्ये थंड छपरांसाठी राज्याचं धोरणच आणलं. सिमेंटच्या स्लॅबला साधा चुनाही चालतो. तो घट्ट बसावा म्हणून त्यात चिकटणारा पदार्थ मिसळतात, आणि आदल्या दिवशी गच्ची झाडून धुऊन घेतात. टिनाला मात्र चुना धरत नाही, तिथे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा उष्णतारोधक पांढरा रंगच घ्यावा. आधी गंज घासून काढायचा. काम मार्च संपायच्या आत आणि सकाळी करायचं, भर उन्हात तापलेल्या टिनावर माणूस चढवायचा नाही. टिन कुजलेलं असेल तर त्यावर पाय देऊ नये, शिडीवरून लांब दांड्याच्या रोलरने लावावा. पावसाने आणि धुळीने रंग मळतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा पाहायला हवं.

रंग परवडत नसेल तर टिनापासून वीतभर अंतर सोडून वर हिरवी जाळी बांधली तरी थेट ऊन अडतं. मधून हवा खेळली पाहिजे, जाळी टिनाला चिकटवून उपयोग नाही. खेड्यात छपरावर तुराट्या, पऱ्हाट्या टाकतात आणि खाली खरंच गारवा राहतो, पण शहरातल्या दाटीच्या वस्तीत, लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांखाली वाळक्या काड्या म्हणजे आगीला आवतण. तिथे तो उपाय करू नका. छताखाली थर्माकोल ठोकण्याचीही मला भीती वाटते, तेही पटकन पेटतं.

तुमच्या सोसायटीत वीस घरं असतील तर वीस घरांनी मिळून एका उन्हाळ्यात दोन छपरं रंगवायची, एवढंच ठरवा. आपल्याच चौकीदाराचं, आपल्याच कामवाल्या ताईंचं. गणपतीची वर्गणी आपण जशी काढतो तशी काढायची. आणि हो, गेटवरच्या चौकीदाराची ती टिनाची खोपटी. दिवसभर तो त्यात बसतो, आपण गाडीची काच वर करून त्याच्यासमोरून जातो. तिथे पंखा आहे का, सावली आहे का, पाण्याचा माठ आहे का, हे आजच पाहून घ्या.

आता एक अशी गोष्ट, जी बोलायला लोक कचरतात. उन्हात काम करणाऱ्या बायका पाणी कमी पितात. तहान नसते म्हणून नव्हे. पाणी प्यायलं तर लघवीला जायचं कुठे, म्हणून. भाजीचा ठेला लावणारी, रस्ता झाडणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, चौकात उभी असलेली वाहतूक पोलीस, सगळ्यांची हीच अडचण. सकाळी सातला घरून निघाल्यावर दुपारी दोनपर्यंत त्या स्वतःला कोरडं ठेवतात. मूत्रमार्गाचे आजार, मूत्रपिंडांवर ताण, घेरी, हे सगळं तिथून सुरू होतं. गरोदर बाईच्या बाबतीत तर उष्णता आणि पाण्याची कमतरता यांमुळे वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. आपण काय करू शकतो? आपल्या घरातलं संडास-बाथरूम कामाला येणाऱ्या बाईला वापरू द्यावं. सोसायटीच्या खालच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह कुलूप काढून, साबण-पाण्यासकट ठेवावं. दुकानदारांनी समोरच्या ठेलेवालीला सांगावं, “ताई, आमच्याकडे जात जा.” हे तोंडाने सांगावं लागतं. न सांगता कुणी विचारायला येत नाही. ज्या घरात कामवाल्या बाईसाठी वेगळा पेला ठेवतात त्या घराला मी काय सांगू? तो पेला आधी काढून टाका.

पाणपोईबद्दल थोडं. आपल्याकडे ही चांगली जुनी रीत आहे आणि अजून टिकून आहे. पण माठ ठेवून फोटो काढला की काम संपत नाही. माठ रोज धुवायला हवा, झाकण हवं, लांब दांड्याचा ओगराळा हवा, आणि दुपारी दोन वाजता तो भरलेला हवा, कारण तेव्हाच तो रिकामा सापडतो. आठवड्याचे सात दिवस सात घरांनी वाटून घ्यावेत. मीठ घातलेलं पन्हं, ताक, आंबील, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ही सगळी उत्तम. फक्त अंगातून खूप घाम गेला असेल, उलट्या-जुलाब झाले असतील तर मोजून केलेलं पाणी द्यावं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट भरलेला. मीठ अंदाजाने जास्त पडलं तर अपाय होतो. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यावं हे उन्हाळा सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. लघवीची गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं, यांमुळे शरीराला उष्णता सोसणं अवघड जातं. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, पण यादीत त्या माणसाच्या नावापुढे खूण करायची. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून बाहेर पडणारे मी लहानपणापासून पाहते आहे. ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर डोकं उघडं आणि पोट रिकामं ठेवून निघू नका.

कूलरचंही सांगायला हवं. कोरड्या हवेत तो छान चालतो, पण खिडकी-दार बंद करून लावला तर तासाभरात खोलीत दमटपणा साचतो आणि उलट जीव घाबरा होतो. हवा बाहेर जायला एक फट लागतेच. जूनच्या सुरुवातीला, ढग आले आणि पाऊस नाही, अशा दिवसांत कूलर जवळजवळ निरुपयोगी होतो. ते दिवस फसवे असतात. पारा खाली आलेला दिसतो, आणि घाम वाळत नाही. मुंबई, कोकण, गोव्यातल्या वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावं. हवामान खातं मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनाऱ्यावर 37 पासूनच, ते याच कारणाने. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारी कार्यक्रम झाला आणि उष्माघाताने 14 जण गेले. त्या दिवशी नागपूरसारखं ऊन नव्हतं. दमट हवा, डोक्यावर छत नाही आणि तासन्‌तास बसून राहणं, एवढं पुरलं. उन्हाळ्यात दुपारी कुणी सभा, सत्कार, मिरवणूक ठेवत असेल तर वर्गणी देण्याआधी वेळ बदलायला सांगा. पुन्हा कूलरकडे येते. विदर्भात दरवर्षी कूलरचा धक्का बसूनही माणसं दगावतात, त्यात लहान मुलं असतात. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. यादीतल्या ज्या घरात जुना लोखंडी कूलर आहे तिथे एकदा आपला इलेक्ट्रिशियन पाठवून अर्थिंग तपासून घ्या.

ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांना माझी वेगळी विनंती आहे. तुम्ही मोठे बिल्डर असाल असं नाही. स्वतःचं घर बांधत असाल, वरचा मजला चढवत असाल, तरी दहा-पंधरा मजूर तुमच्या शब्दावर असतात. ठेकेदाराला सांगा: काम पहाटे सहाला सुरू, अकरा-साडेअकराला बंद, चारनंतर पुन्हा. मधल्या वेळेत तापलेली सळई नुसत्या हाताने धरवत नाही. पण वेळ बदलली आणि मजुरी कापली तर तो दुपारी दुसरीकडे ओझी वाहायला जाईल, तेव्हा रोजी पूर्ण द्या. नवीन आलेल्या मजुराला पहिले चार-पाच दिवस हलकं काम द्या. शरीर उन्हाला हळूहळू सरावतं, आणि सराव नसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात पडतो. जेवण पोहोचवणाऱ्या पोरांना लिफ्ट वापरू न देणाऱ्या सोसायट्या आहेत. 44 अंशांत दुचाकीवरून आलेल्या मुलाला पाच मजले चढायला लावणारा नियम कुणी केला असेल तो पुढच्या बैठकीत रद्द करून घ्या.

आणि उष्माघात ओळखायला शिका. नुसता थकवा असेल तर माणूस घामाघूम असतो, डोकं दुखतं, मळमळतं, पण तो नीट बोलतो. त्याला सावलीत आडवं करून थोडं थोडं पाणी दिलं, अंग पुसलं की बरं वाटतं. उष्माघातात डोक्यावर परिणाम होतो, ही मुख्य खूण. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, चिडतो, ओळख देत नाही, आकडी येते, शुद्ध हरपते. आणि इथेच आपल्या हातून घोर चूक होते. रस्त्याच्या कडेला दुपारी असा कुणी मजूर पडलेला दिसला की लोक म्हणतात, प्यायला असेल, आणि पुढे जातात. मेच्या दुपारी असं समजू नका. प्यायलेला असला तरी ऊन त्यालाही लागतं, उलट लवकर लागतं. थांबा. 108 ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात बांधून उभे राहू नका. सावलीत ओढा, कपडे सैल करा, मिळेल ते पाणी सगळ्या अंगावर ओता, पुठ्ठ्याने, पदराने, हाताला येईल त्याने वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंब घालू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी देऊ नका, हा ताप गोळीने उतरत नाही. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर माणूस वाचायची आशा फार मोठी असते. तो अर्धा तास डॉक्टरांच्या हातात क्वचितच असतो. जवळून जाणाऱ्याच्या हातात असतो.

सरकारने काहीच केलेलं नाही, असं मी म्हणणार नाही. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा 46.8 वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. त्या धक्क्यातून 2013 मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा तिथे तयार झाला आणि त्यामुळे दरवर्षी हजारावर जीव वाचले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नागपूर महापालिकेचाही असा आराखडा आहे. बागा दुपारी उघड्या ठेवतात, रुग्णालयांत शीत कक्ष करतात, सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात. पण आराखडा वस्तीच्या तोंडापर्यंत येतो. आत तिसऱ्या गल्लीत, झोळीतल्या बाळापर्यंत, अंथरुणावरच्या आजीपर्यंत त्याला न्यायला ओळखीचा माणूस लागतो. आशाताई ते काम करतात, पण एकेका आशाताईच्या वाट्याला किती घरं येतात ते त्यांनाच विचारा. आपल्या झोन कार्यालयात जा. बाग दुपारी खरोखर उघडी आहे का, आपल्या भागातला दवाखाना किती वाजेपर्यंत चालू, टँकर कोणत्या वस्तीत कधी येतो, ही माहिती लेखी मागा. चार सोसायट्यांच्या सह्या घेऊन गेलात तर उत्तर लवकर मिळतं. आणि जी झाडं उभी आहेत ती पार्किंगसाठी तोडायचा ठराव तुमच्या सोसायटीत आला तर हात वर करू नका.

यादी उन्हाळ्यापुरती नसते, हेही नागपूरने पाहिलं आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी झोपेत असलेल्या घरांत शिरलं. तरुण माणसं माळ्यावर, गच्चीवर चढली. जे उठू शकत नव्हते त्यांच्यापर्यंत पाणी आधी पोहोचलं. त्या पहाटे कोणत्या खोलीत कोण अंथरुणाला खिळलेलं आहे हे शेजाऱ्याला आधीपासून ठाऊक असणं, यावर सगळं होतं.

म्हणून त्या पानावर नाव लिहाल तेव्हा पुढे तीन गोष्टी लिहा: फोन नंबर, कोणता आजार आणि कोणती औषधं, आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे. नातेवाइकाचा नंबरही घ्या. यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची माहिती चोरांच्याही कामाची असते. दोन विश्वासाच्या घरांत ठेवा. प्रत्येक नावासाठी एक माणूस ठरवा, सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवायचं म्हटलं की कुणीच ठेवत नाही. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की त्या माणसाने दिवसातून दोनदा जायचं, दुपारी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा. फोनवर “बरा आहे” हे भिडस्त माणूस नेहमीच म्हणतो. समोर उभं राहून बोला, कूलरला हात लावून पाहा, पाण्याची बाटली भरली आहे का बघा, बोलण्यात काही वेगळं वाटतं का ऐका. त्यांना ओझं वाटू नये म्हणून जाताना एखादी वाटी घेऊन जा, काहीतरी विचारायच्या निमित्ताने जा. मी हल्ली समोरच्या घरी ताकाचा तांब्या घेऊन जाते. तिथे आता एक आजी राहतात. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी दार जरा जोरातच वाजवते.

आज रात्री जेवण झालं की ते पान घेऊन बसा. पहिलं नाव तुम्हाला आत्ताच आठवलं असेल, तेच आधी लिहा.